रिपोर्ट 'नॉर्मल', पण कोणाच्या मापाने?

गेल्या महिन्यात एक शिक्षक आपल्या सहा वर्षांच्या मुलीला घेऊन दवाखान्यात आले. सकाळी उठल्यावर तिचे डोळे सुजलेले दिसत, दुपारपर्यंत सूज ओसरे. घरच्यांना वाटले, काहीतरी चावले असेल, नाहीतर ॲलर्जी असेल. ॲलर्जीची औषधे झाली. मग कोणीतरी किडनीचे नाव काढले आणि गुरुजी घाबरले. त्यांच्या हातातल्या फाइलमध्ये रक्ताच्या पंधरा-सोळा तपासण्यांचे कागद होते. ते मला म्हणाले, "डॉक्टर, किडनीसाठी आता बायोमार्कर म्हणून नव्या तपासण्या निघाल्यात. रक्त मुंबईला पाठवावं लागतं म्हणे. खर्चाचं बघतो मी, पण त्या करून घेऊ या का?"

मी त्यांना दोनच प्रश्न विचारले. मुलीची उंची किती? आणि तिची लघवी कधी तपासली? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्या जाडजूड फाइलमध्ये नव्हती.

दोष गुरुजींचा नाही. तो आम्हा डॉक्टरांचा आहे, लॅबवाल्यांचा आहे, आणि जितकी तपासणी महाग तितकी ती चांगली या आपल्या सर्वांच्या समजुतीचा आहे. म्हणून आजचा लेख मुलांच्या मूत्रपिंडाच्या विकारांची खूण ओळखण्याविषयी.

बायोमार्कर म्हणजे तरी काय?

शब्द नवा वाटला तरी गोष्ट जुनी आहे. अंगातल्या आजाराची जी खूण मोजता येते, तिला बायोमार्कर म्हणतात. रक्तातील साखर ही मधुमेहाची खूण, हिमोग्लोबिन ही पंडुरोगाची खूण. अशी खूण दोन कामे करते. एक, आजार आहे की नाही ते सांगते. दुसरे, पुढे काय होणार याचा अंदाज देते. आईबापांच्या दृष्टीने दुसरे काम अधिक महत्त्वाचे असते. "डॉक्टर, पोरगं बरं होईल ना?" हा प्रश्न प्रत्येक आई विचारते. त्याचे उत्तर खुणा पाहूनच द्यावे लागते.

मूत्रपिंडाच्या बाबतीत सर्वांना माहीत असलेली खूण म्हणजे रक्तातील क्रिएटिनिन. आपल्या स्नायूंच्या रोजच्या कामातून हा टाकाऊ पदार्थ तयार होतो आणि मूत्रपिंडे तो लघवीवाटे बाहेर टाकतात. मूत्रपिंडांचे काम मंदावले की तो रक्तात साचतो. तपासणी सोपी आहे, स्वस्त आहे, तालुक्याच्या कोणत्याही लॅबमध्ये होते. पण तिच्यात दोन खोडी आहेत.

पहिली खोड अशी की ती उशिरा बोलते. मूत्रपिंडांची जवळजवळ निम्मी शक्ती जाईपर्यंत क्रिएटिनिनचा आकडा छापील मर्यादेच्या आतच राहू शकतो. दुसरी खोड मुलांच्या बाबतीत फार घातक ठरते. क्रिएटिनिन स्नायूंतून येते. पहिलवानाच्या अंगात स्नायू किती आणि चार वर्षांच्या पोराच्या अंगात किती? पहिलवानाच्या रक्तात १.१ हा आकडा निरोगी असू शकतो. चार वर्षांच्या मुलाच्या रक्तात तो साधारण ०.३ ते ०.५ च्या घरात असायला हवा. पण आपल्याकडच्या अनेक लॅबच्या कागदावर उजव्या बाजूच्या रकान्यात सर्वांसाठी एकच मर्यादा छापलेली असते, आणि ती असते मोठ्या माणसाची.

माझ्या हातून झालेली चूक

हे मी पुस्तकातून शिकलो होतो. पण खरा धडा मिळाला तो २०११ साली, आणि त्याची किंमत दुसऱ्याच्या मुलाने मोजली.

माझा दवाखाना सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या शिवेवर आहे. कराड एका हाताला, मिरज दुसऱ्या हाताला. पलीकडच्या वाडीतली एक आजी चार वर्षांच्या नातवाला घेऊन आली. वर्षात तिसऱ्यांदा थंडी वाजून ताप आला होता. आजी म्हणाली, "डाक्टर, ह्यो लई जोर करून मुततोय. धार अशी न्हाईच, नुसतं थेंब थेंब. आन् चड्डी सारखी वली."

मी लघवी तपासायला सांगितली, त्यात जंतुसंसर्ग निघाला. रक्त तपासले. क्रिएटिनिन ०.९. शेजारच्या रकान्यात छापले होते, ०.६ ते १.४. मी कागदावर बरोबरची खूण केली आणि म्हणालो, "आजी, किडनी एकदम चांगली आहे. काळजी करू नका." दहा दिवसांचे औषध दिले. ताप गेला. आजी समाधानाने घरी गेली.

नऊ महिन्यांनी पोरगा परत आला. निस्तेज, खाणे नाही, उंची जवळजवळ होती तिथेच. या वेळी क्रिएटिनिन १.६. तेव्हा मला घाम फुटला. मिरजेला पाठवले. तिथे निदान झाले. लघवीच्या मार्गात जन्मतःच पडद्यासारखी झडप होती. हा दोष फक्त मुलग्यांत असतो. झडपेमुळे लघवी तुंबून मागे मूत्रपिंडांवर दाब येतो, आणि जन्मापासून ती हळूहळू खराब होत जातात. दुर्बिणीतून झडप काढली गेली. ऑपरेशन उत्तम झाले, पण गेलेले परत आले नाही.

आता मी जो हिशोब करायला हवा होता तो वाचकांसमोर मांडतो. अमेरिकेतील डॉ. जॉर्ज श्वार्ट्‌झ यांनी १९७६ साली मुलांसाठी एक साधे सूत्र दिले आणि २००९ साली ते सुधारले. मुलाची उंची सेंटिमीटरमध्ये घ्यायची, तिला ०.४१३ ने गुणायचे आणि क्रिएटिनिनच्या आकड्याने भागायचे. उत्तर म्हणजे मूत्रपिंडांची गाळण्याची शक्ती. दोन वर्षांपुढच्या निरोगी मुलात ती ढोबळमानाने शंभराच्या आसपास असते. सतत नव्वदच्या खाली असेल तर लक्ष घालायचे, साठच्या खाली गेली तर धावाधाव करायची.

त्या मुलाची उंची १०० सेंटिमीटर होती. ०.४१३ गुणिले १०० म्हणजे ४१.३. त्याला ०.९ ने भागा. उत्तर येते ४६. म्हणजे ज्या दिवशी मी 'किडनी एकदम चांगली' म्हणालो, त्या दिवशी निम्म्याहून अधिक शक्ती संपलेली होती. नऊ महिन्यांनी, १.६ या आकड्याला, ती २६ वर आली होती. उंचीची पट्टी माझ्याच भिंतीवर लावलेली होती आणि गणित चौथीच्या पोराला येण्यासारखे होते.

नऊ महिने आधी पाठवला असता तर मूत्रपिंडे पूर्ण वाचली असती का? तसे मी म्हणणार नाही. काही नुकसान पोटात असतानाच झालेले असते. पण ते नऊ महिने त्याचे हक्काचे होते आणि ते मी घालवले. तो आज अठरा वर्षांचा आहे, मूत्रपिंड बदलण्याच्या गोष्टी घरात सुरू झाल्या आहेत. आजी हयात नाही. तिने मला कधी बोल लावला नाही, हे अधिकच टोचते. कारण खरी खूण तिनेच सांगितली होती. धार नाही, थेंब थेंब. मी तिच्या बोलण्यापेक्षा छापील रकान्यावर विश्वास ठेवला.

अशा मुलांत पुढचे भाकीतही क्रिएटिनिनच करते. झडप काढल्यावर पहिल्या वर्षभरात हा आकडा खाली उतरत कुठपर्यंत येतो, ते पाहतात. ०.८ च्या खाली आला तर आशा चांगली, एकच्या खाली यायलाच तयार नसेल तर पुढे त्रास होण्याचा संभव मोठा. तपासणी तीच, स्वस्त आणि जुनी. ती कोणत्या मापाने वाचायची ते कळले पाहिजे, एवढेच.

जी खूण बाटलीत असते

आता लघवीकडे वळू. वैद्य असोत की हकीम, पूर्वीचे लोक लघवी पाहून निदान करत, आणि आपण त्यांना हसतो. पण मुलांच्या मूत्रपिंडाचा आजार बहुतेक वेळा प्रथम लघवीतच दिसतो.

निरोगी मूत्रपिंड हे बारीक चाळणीसारखे असते. रक्तातील प्रथिने, म्हणजे अल्ब्युमिन, ते लघवीत जवळजवळ जाऊ देत नाही. चाळणी बिघडली की प्रथिने वाहून जातात, रक्तातले अल्ब्युमिन कमी होते आणि अंगावर सूज येते. सुरुवात डोळ्यांच्या पापण्यांपासून, सकाळी जास्त. पुढे पाय, पोट, मुलग्यांत वृषणाची पिशवी. याला नेफ्रॉटिक सिंड्रोम म्हणतात. मुलांत हा आजार तसा वारंवार दिसणारा आहे. यात क्रिएटिनिन बहुधा ठीकच असते. म्हणून गुरुजींच्या फाइलमधील पंधरा तपासण्यांपैकी एकीनेही मुलीचा आजार ठळकपणे दाखवला नाही.

मी मुलीची लघवी घेतली, तिच्यात तपासणीची पट्टी बुडवली. पट्टी क्षणात गडद हिरवी झाली. प्रथिने तीन अधिक. अशा एका पट्टीला चहाच्या कपाएवढाही खर्च येत नाही.

पट्टी नसेल तर जुनी रीत आहे. काचेच्या परीक्षानळीत सकाळची पहिली लघवी घ्यायची, वरचा भाग स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचा. गढूळ झाली तर ॲसेटिक ॲसिडचे काही थेंब टाकायचे. गढूळपणा विरला तर ते क्षार होते, टिकला तर प्रथिने. फार असतील तर दूध फाटल्यासारख्या गाठी दिसतात. हे कोणतीही आई शिकू शकते आणि माझ्याकडच्या कित्येक आया ते घरी करतात. नळी तोंडाकडे धरायची नाही आणि दिव्यापाशी मुलांना येऊ द्यायचे नाही, एवढी काळजी घ्यावी.

एक सावधगिरीची सूचना. ताप असताना, खूप खेळल्यानंतर किंवा लघवी फार दाट असताना थोडी प्रथिने दिसू शकतात. एका वेळी एक अधिक दिसले म्हणून घाबरून जाऊ नये. दोन-तीन दिवस सकाळची पहिली लघवी पुन्हा पाहावी. तीच खरे सांगते.

लघवीचा रंग हीही खूणच आहे. घसा दुखून गेल्यावर एक-दोन आठवड्यांनी किंवा अंगावरचे फोड पिकून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी एखाद्या मुलाची लघवी कोऱ्या चहासारखी किंवा कोलासारखी होते, तोंड सुजते, रक्तदाब वाढतो. पावसाळ्यानंतर खरूज-पुरळाचे दिवस आले की मला अशी मुले दिसतात. यात सी-३ नावाची एक रक्ततपासणी फार उपयोगी पडते. या आजारात सी-३ घटते आणि साधारण सहा ते आठ आठवड्यांत पूर्ववत होते. तसे झाले तर बहुतेक मुले पूर्ण बरी होतात. तीन महिने उलटूनही ते कमीच राहिले तर आजार वेगळा आहे असे समजून मूत्रपिंडतज्ज्ञांकडे गेलेच पाहिजे. खूण भाकीत कसे करते, त्याचे हे चांगले उदाहरण.

सर्वांत मोठी खूण वहीत लिहिलेली असते

नेफ्रॉटिक सिंड्रोमच्या मुलांत पुढे काय होईल हे सांगणारी सर्वांत भरवशाची गोष्ट कोणती? जगभरच्या तज्ज्ञांनी १९७० च्या दशकापासून शेकडो मुलांचा पाठपुरावा केला, तेव्हा त्यांना आढळले की ती गोष्ट म्हणजे स्टेरॉइडला मिळणारा प्रतिसाद. प्रेडनिसोलोन गोळी पूर्ण प्रमाणात सुरू केल्यावर लघवीतील प्रथिने सलग तीन दिवस नाहीशी झाली, की रोग औषधाला वश झाला असे म्हणतात. शंभरातील ऐंशीहून अधिक मुले वश होतात. त्यांचा आजार पुन्हा पुन्हा उलटतो, आईबाप कंटाळतात, पण मूत्रपिंडे सहसा टिकून राहतात. सहा आठवडे पूर्ण औषध घेऊनही प्रथिने जातच नसतील, तर मात्र मूत्रपिंडाचा तुकडा काढून तपासणे आणि कधी जनुकांची तपासणी करणे भाग पडते.

आता विचार करा. ही मोठी खूण मिळवायला काय लागते? एक वही, रोज सकाळी एक पट्टी आणि औषधाचा नेमका हिशोब. पण इथेच आपला घोळ होतो. स्टेरॉइड म्हटले की घरचे घाबरतात. आठ दिवसांत सूज उतरली की गोळ्या बंद. मग कोणीतरी झाडपाल्याचे औषध सुचवतो, कोणी काशाच्या वाटीने पाय चोळतो. महिन्याने सूज परत. तेव्हा आमच्यातलाच एखादा डॉक्टर अर्ध्या प्रमाणात गोळी देतो. वर्षभराने तज्ज्ञांपुढे जाऊन बसल्यावर ते विचारतात, "पूर्ण औषध सलग किती दिवस घेतलं? प्रथिनं कितव्या दिवशी गेली?" कोणाला सांगता येत नाही. रोग औषधाला दाद देत नव्हता की औषधच नीट पोटात गेले नव्हते, हे कळायला मार्ग उरत नाही. हजारो रुपयांच्या तपासण्यांनी ही पोकळी भरून निघत नाही.

नव्या तपासण्यांचे काय?

मी नव्या शोधांच्या विरोधात नाही. त्यांची थोरवी सांगायलाच हवी. २००५ साली अमेरिकेतील सिनसिनाटी येथील डॉ. प्रसाद देवराजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट' या साप्ताहिकात हृदयाच्या ऑपरेशननंतरच्या ७१ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मूत्रपिंडाला इजा झालेल्या मुलांत क्रिएटिनिन वाढायला एक ते तीन दिवस लागले, पण एनगॅल नावाचे प्रथिन दोन तासांतच वाढलेले दिसले. २०२३ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मुलांसाठी त्या तपासणीला मान्यता दिली. २०२४ साली आणखी एक मोठा अभ्यास आला. नेफ्रॉटिक सिंड्रोम झालेल्या आणि औषध सुरू न केलेल्या मुलांपैकी सुमारे ९० टक्के मुलांच्या रक्तात, मूत्रपिंडाच्या चाळणीतील नेफ्रिन या घटकावरच हल्ला करणारी प्रतिद्रव्ये सापडली. इतकी वर्षे न उलगडलेल्या आजाराचे कारण यामुळे बरेचसे हाती आले आहे. सिस्टॅटिन-सी ही तपासणीही चांगली आहे. ती स्नायूंवर फारशी अवलंबून नसल्याने हडकुळ्या मुलात क्रिएटिनिनपेक्षा खरी ठरते. ऊसतोडीच्या हंगामात आपल्याकडे येणाऱ्या टोळ्यांतील कृश मुलांकडे पाहिले की मला तिची आठवण होते, कारण अशा मुलात क्रिएटिनिन खोटाच दिलासा देऊ शकते.

पण कोणतीही तपासणी करण्याआधी एक प्रश्न विचारावा. या रिपोर्टने उद्याचा उपचार बदलणार आहे का? हृदयाच्या ऑपरेशननंतर अतिदक्षता विभागात पडलेल्या बाळाच्या बाबतीत दोन तासांत मिळालेली बातमी उपचार बदलू शकते. माझ्या दवाखान्यात, मुंबईला पाठवून आठ दिवसांनी आलेली तीच बातमी शिळी झालेली असते. गुरुजींच्या मुलीला नेफ्रिनविरोधी प्रतिद्रव्ये सापडली असती वा नसती, तरी पहिल्या दिवसाचा उपचार तोच राहिला असता.

नागपूरची आठवण ठेवा

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यातील लहान मुले एकामागून एक नागपूरच्या रुग्णालयांत येऊ लागली. साधा सर्दी-खोकला, त्यासाठी दिलेले सिरप आणि मग लघवी बंद. सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष निघाले, तेही ४८.६ टक्के. वीसहून अधिक मुले दगावली. महाराष्ट्राला हे विष नवे नाही. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच विषाची भेसळ असलेल्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण मेले आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोग नेमावा लागला. चाळीस वर्षांनंतर तेच विष पोरांच्या पोटात गेले, याची लाज कोणी वाटून घ्यायची?

त्याचा जाब सरकारला विचारलाच पाहिजे. पण घरापुरता धडा असा. त्या मुलांच्या आयांना सर्वांत आधी दिसलेली खूण कोणत्याही यंत्राने दाखवलेली नव्हती. पोर सकाळपासून लघवीला गेले नाही, ही ती खूण. खोकल्याचे सिरप दिल्यावर, उलट्या-जुलाबानंतर किंवा कडक तापात मुलाने आठ-दहा तास लघवी केली नाही तर उद्याची वाट पाहू नका. आणि पाच वर्षांखालच्या मुलाला खोकल्याचे औषध मनाने देऊ नका. त्याची बहुधा गरजच नसते.

मागण्या थोड्याच आहेत

दोन्ही जिल्ह्यांतील लॅबचालकांना माझी विनंती आहे. मुलाच्या रिपोर्टवर मोठ्या माणसाची मर्यादा छापू नका. वयाप्रमाणे रकाना बदला. संगणकावर हे एकदाच करायचे काम आहे. ते जमत नसेल तर रकाना कोरा ठेवा. चुकीच्या रकान्यापेक्षा कोरा रकाना बरा, निदान डॉक्टरला विचार करावा लागेल.

माझ्या व्यवसायबंधूंना विनंती की, मुलाच्या चिठ्ठीवर वजनाबरोबर उंची लिहा आणि क्रिएटिनिन आले की भागाकार करा. लहान मापाचा पट्टा घेऊन मुलाचा रक्तदाबही पाहा. आपण तो पाहत नाही, कारण आपल्याला तशी सवय नाही.

शासनाला विनंती की, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ साली आपल्या महाराष्ट्रातच, पालघरला झाली. त्याची पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत जाऊन मुलांची उंची-वजने घेतात. त्यांच्या पिशवीत लघवीच्या पट्ट्यांची एक बाटली द्या. जपानने १९७४ पासून सर्वच शाळकरी मुलांची लघवी तपासायला सुरुवात केली. उलट अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००७ साली सरसकट तपासणीची शिफारस सोडून दिली, कारण खोट्या धास्तीने निरोगी मुलांमागेच तपासण्यांचा ससेमिरा लागतो. मी मधला मार्ग सुचवतो. ज्याची उंची वाढत नाही, ज्याला सूज आहे, ज्याला कारणाशिवाय वारंवार ताप येतो, रक्तदाब अधिक आहे किंवा लघवीची तक्रार आहे, त्या प्रत्येक मुलाची लघवी तिथल्या तिथे तपासावी.

आणि पालकांनो, तुम्हाला विनंती. गरोदरपणातल्या सोनोग्राफीत बाळाच्या मूत्रपिंडाला फुगवटा आहे असे लिहिले असेल, तर तो कागद बाळंतपणानंतर ट्रंकेत टाकू नका, बाळाच्या डॉक्टरांना दाखवा. मुलग्याची लघवीची धार कशी पडते ते एकदा पाहा. पापण्या सुजल्या तर आधी लघवी तपासा, नंतर ॲलर्जी. लॅबमध्ये उंची आणि वय सांगा. रिपोर्ट 'नॉर्मल' आला तर विचारा, "डॉक्टर, हे नॉर्मल माझ्या लेकराच्या वयाचं आहे ना?" डॉक्टरला राग आला तर येऊ द्या.

गुरुजींची मुलगी आता बरी आहे. गोळ्या सुरू केल्यावर बाराव्या दिवशी लघवी स्वच्छ झाली. हे मला कोणत्या मशीनने सांगितले नाही. गुरुजींनी शाळेची दुरेघी वही आखून त्यात रोजची तारीख, पट्टीचा रंग, वजन आणि गोळ्यांची संख्या लिहिली होती. शेवटच्या रकान्यात उंचीही होती, ११२ सेंटिमीटर. पुढे कधी या मुलीला मोठ्या रुग्णालयात जावे लागले, तर तिथल्या तज्ज्ञांनी पहिल्यांदा हीच वही मागावी आणि गुरुजींनी ती काढून द्यावी.